खोडदच्या शिवारात दुसऱ्या सूर्यांचे ग्रह

पुणे-नाशिक रस्त्याने भोसरी, चाकण, राजगुरुनगर, मंचर ही गावे मागे टाकली की नारायणगाव येते. पुण्यापासून साधारण पंचाहत्तर किलोमीटर. टोमॅटोचा बाजार आणि तमाशा या दोन गोष्टींमुळे हे गाव महाराष्ट्रभर माहीत आहे. यात्रांचा हंगाम जवळ आला की तमाशा फडांच्या राहुट्या इथे पडतात आणि गावोगावचे कारभारी सुपारी द्यायला येतात. विठाबाई नारायणगावकरांचे हे गाव. आपल्या वाडवडिलांपैकी कितीतरी जणांनी त्यांचा तमाशा घोंगडीवर बसून पाहिला असेल. परंतु याच नारायणगावातून पूर्वेकडे वळून थोडे आत गेले की खोडद लागते आणि त्या गावच्या शिवारात जगातील मोठ्या रेडिओ दुर्बिणींपैकी एक दुर्बीण उभी आहे, हे आम्ही आमच्या वस्तीत विचारले तेव्हा एका रिक्षावाल्या बंधूंखेरीज कोणालाच सांगता आले नाही.

राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या, म्हणजे २८ फेब्रुवारीच्या सुमारास ही दुर्बीण सर्वांना पाहण्यासाठी खुली ठेवतात. २०२४ साली २९ फेब्रुवारीला आम्ही पिंपरीकडच्या आमच्या अभ्यासिकेतील चोवीस मुले घेऊन तेथे गेलो. मुले पहिली ते चौथीतली. यावर वस्तीत बरीच चर्चा झाली. "पोरं अजून बेचा पाढा चुकतात, त्यांना कशाला तारे दाखवता? दहावीच्या पोरांना न्या, मार्क तरी वाढतील," असे एका पालकांनी तोंडावर सांगितले. त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. पण आम्हांस लहान मुलेच न्यायची होती, आणि त्याला कारण होते.

आदल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही अभ्यासिकेच्या भिंतीवर सूर्यमालेचा तक्ता लावला. सगळी पोरे तक्त्याभोवती गोळा झाली. दुसरीतली एक मुलगी मात्र दाराशीच उभी राहिली. जवळ ये म्हटले तर म्हणाली, "मला नको. माझे ग्रह वाईट आहेत." चौकशी केली तेव्हा कळले ते असे. मुलीचा जन्म झाला त्याच वर्षी तिच्या वडिलांची कंपनी बंद पडली. शेजारच्या कोणी बाईने तेव्हा आईला सांगितले की पोरीचे ग्रह बापावर आले. आईने ते मनावर घेतले नाही म्हणे. पण घरात भांडण झाले की ते वाक्य निघत असे, आणि सात वर्षांचे लेकरू ते ऐकत असे.

आपल्या घरांतून पत्रिका आणि मुहूर्त केव्हाच गेले, असे आपण सभेत अभिमानाने सांगतो. ते पुष्कळ अंशी खरेही आहे. पण राशिभविष्य सकाळच्या टीव्हीतून आणि आता हातातल्या मोबाइलमधून मागच्या दाराने घरात शिरले आहे, हेही खरेच. मराठी घरातल्या मुलाच्या कानावर 'ग्रह' हा शब्द पहिल्यांदा पडतो तो विज्ञानाच्या पुस्तकातून नव्हे. ग्रह फिरले, साडेसाती लागली, मुलीला मंगळ आहे, असाच तो पडतो. पाचवी-सहावीत शाळेचे पुस्तक ग्रहांची माहिती देईपर्यंत भीती मनात घर करून बसलेली असते, आणि मग पुस्तकातला शनी वेगळा आणि घरातला शनी वेगळा अशी पोरे दोन खाती उघडतात. आम्ही कारकून माणसे. एकाच नावाची दोन खाती हा काय घोटाळा असतो ते आम्हांस चांगले ठाऊक आहे.

मोठ्यांसाठी पुरावे पुष्कळ आहेत. दिवंगत शास्त्रज्ञ जयंत नारळीकर यांनी २००८ साली पुण्यात अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांबरोबर फलज्योतिषाची चाचणी घेतली होती. हुशार मुले आणि मतिमंद मुले यांच्या प्रत्येकी शंभर पत्रिका मिसळून त्यांतल्या चाळीस-चाळीस ज्योतिष्यांना दिल्या आणि कोणती पत्रिका कोणाची ते ओळखायला सांगितले. सत्तावीस जणांनी उत्तरे पाठवली. बरोबर आली ती सुमारे ४६ टक्के. नाणे उडवले असते तर पन्नास आली असती! पण हा हिशेब सात वर्षांच्या मुलीला कसा सांगणार? तक्त्यावरची नावेही तीच, शनी आणि मंगळ. तेव्हा आमच्या मनात आले की, ज्या ग्रहांची नावे कोणत्याही पत्रिकेत नाहीत, ज्यांना कोणी तेल वाहत नाही, अशा ग्रहांची ओळख या मुलांना आधी करून द्यावी. आपल्या सूर्यमालेच्या बाहेर, दुसऱ्या सूर्यांभोवती फिरणाऱ्या ग्रहांची.

असे ग्रह आहेत हे पक्के कळले त्याला फार वर्षे झालेली नाहीत. आमची पिढी शाळेत होती तेव्हा असा एकही ग्रह माहीत नव्हता. आम्ही खोडदला गेलो तेव्हा ही संख्या साडेपाच हजारांच्या पुढे होती, आणि २०२५ च्या सप्टेंबरात ती सहा हजारांवर गेली. असो.

नारायणगाव सोडल्यावर ऊस, कांदा, टोमॅटोची रोपे बांधलेले ताठ काठ्यांचे वाफे, आणि मध्येच झाडांच्या डोक्यावरून एक पांढरट वाटी वर आलेली दिसते. मग दुसरी, मग तिसरी. आमची मिनीबस एकदम एका बाजूला कलली, कारण सगळी पोरे त्याच खिडक्यांवर. "काका, उलटी छत्री!" हे नाव जे पडले ते दिवसभर टिकले. अशा एकूण तीस छत्र्या आहेत. प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर, म्हणजे पंधरा मजली इमारत आडवी ठेवली तर जेवढी लांब होईल तेवढी रुंद. चौदा छत्र्या खोडदजवळ साधारण एक चौरस किलोमीटरात आहेत, बाकीच्या सोळा तीन फाट्यांनी दूरदूरच्या गावांच्या हद्दीत गेल्या आहेत. पसारा पंचवीस किलोमीटरचा. या तिसांचे काम एकत्र जोडले की जणू एकच अवाढव्य दुर्बीण तयार होते.

ही दुर्बीण गोविंद स्वरूप या शास्त्रज्ञांच्या कल्पनेतून उभी राहिली. १९२९ साली जन्मलेले हे गृहस्थ २०२० साली पुण्यात वारले. ऑस्ट्रेलियाने भेट दिलेल्या लहान लहान बत्तीस तबकड्या घेऊन त्यांनी १९६५ साली आपल्या कल्याणला देशातील अशी पहिली दुर्बीण बसवली, मग उटीच्या डोंगरउतारावर १९७० साली मोठी, आणि नव्वदीच्या दशकात खोडदची. खोडदच का, तर भोवतालच्या डोंगरांमुळे शहरांचा रेडिओ-गोंगाट इकडे कमी पोहोचतो आणि पुणे तर जवळच. म्हणूनच आत शिरताना मोबाइल बंद करायला लावतात. एका मोबाइलची शक्ती आपल्याला क्षुल्लक वाटते, पण आकाशातून येणाऱ्या क्षीण लहरींपुढे ती म्हणजे पाळण्याशेजारी वाजवलेला ढोल.

छत्रीखाली उभे राहून वर पाहिले तर आरपार आभाळ दिसते. पत्रा नाही, काच नाही, नुसती पोलादी तारांची बारीक जाळी. पहिलीतल्या एका पोराने लगेच शंका काढली, "ही तर फाटकीये. पाऊस गळत असेल." आमच्याबरोबरच्या बालवाडीच्या ताईंनी त्याला छान सांगितले. चाळणीतून पाणी जाते, पण चेंडू जातो का? ही दुर्बीण ज्या रेडिओ लहरी पकडते त्यांतल्या काहींची लांबी दोन-दोन मीटर असते, म्हणजे काकांपेक्षा उंच. एक-दोन सेंटिमीटरच्या भोकातून त्या कशा जाणार? त्या आपटून परत फिरतात आणि वर मध्यभागी बसवलेल्या यंत्रात गोळा होतात. वारा मात्र आरपार निघून जातो, त्यामुळे एवढी मोठी वाटी हलकी राहिली आणि खर्चही वाचला. आपल्या लोकांनी काढलेली ही युक्ती आहे.

मैदानात आसपासच्या शाळा-कॉलेजांच्या मुलांनी मांडलेले प्रदर्शन होते. टेबलामागे निळ्या गणवेशातली नववी-दहावीची मुले-मुली उभी आणि घसा बसेपर्यंत समजावून सांगत होती, अस्सल जुन्नरी बोलीत. आमच्या पोरांना ती मोठी माणसे वाटली. ते सगळे येथे लिहीत बसत नाही. दुपारी दशम्या खाऊन झाल्यावर एका लिंबाच्या सावलीत आम्ही आमचा खरा वर्ग भरवला.

दूरचा ग्रह दिसत नाही, मग तो आहे हे कसे कळते? यासाठी ताईंनी पहिलीतल्या सर्वांत बारक्या मुलीला हाताला धरले आणि फुगडी घातली. बारकी मुलगी गरागरा मोठ्या गोलात फिरली, तिचे पाय जवळजवळ जमिनीवरून सुटले. मग आम्ही विचारले, ताई जागेवर उभ्या होत्या का? पोरांनी नीट पाहिले. नव्हत्या. ताईसुद्धा लहानशा गोलात पावले टाकत होत्या, नाहीतर तोल गेला असता. आता रात्र आहे, बारकी दिसतच नाही, फक्त ताई दिसतात, आणि त्या अशा मागेपुढे डुलत आहेत. तर काय समजायचे? "त्यांच्या हातात कोणीतरी आहे!" चोवीस आवाज एकदम आले.

१९९५ साली मिशेल मायोर आणि दिदिए केलोझ या स्वित्झर्लंडच्या दोघांनी नेमके हेच केले. फ्रान्समधील वेधशाळेतून त्यांनी ५१ पेगासी नावाचा तारा डुलताना पकडला. आपल्या सूर्यासारख्याच ताऱ्याभोवती सापडलेला तो पहिला ग्रह. सुमारे पन्नास प्रकाशवर्षे दूर, गुरूच्या निम्म्या वजनाचा, आणि आपल्या सूर्याला फेरी घालतो फक्त सव्वाचार दिवसांत. या शोधाला २०१९ साली नोबेल मिळाले. पोरांना नोबेलचे काही वाटले नाही, पण दर चार दिवसांनी वाढदिवस येतो हे ऐकून त्यांनी टाळ्या पिटल्या. "काका, मग मी आत्ताच म्हातारा झालो असतो," असेही एकाने हिशेब करून सांगितले. बेचा पाढा चुकणाराच हा!

दुसरी रीत मेणबत्त्यांची. वैशाख पौर्णिमेला विहारापुढे मेणबत्त्या लावतात त्या पोरांच्या डोळ्यांपुढे होत्याच. शंभर मेणबत्त्या लांबून पाहत आहोत आणि एक विझली, तर उजेड किती कमी होईल? गुरूएवढा ग्रह सूर्यासमोरून सरकला तर तेवढाच उजेड कमी होतो. पृथ्वीएवढा ग्रह सरकला तर बारा हजार मेणबत्त्यांतली एक विझल्याएवढा. हे मोजणारी केप्लर नावाची दुर्बीण २००९ ते २०१८ या काळात अवकाशात होती आणि तिच्या नोंदींतून अडीच हजारांहून अधिक ग्रह मिळाले. मोठ्या वाचकांना आम्ही आमच्या धंद्यातले सांगतो. गल्ल्यात एकदा दोन रुपये कमी आले तर मोजणीतली चूक. पण दर पाचव्या दिवशी बरोबर दोन रुपयेच कमी येऊ लागले तर कोणीतरी नेमाने येऊन जात आहे.

आता यात खोडदच्या छत्र्यांचा संबंध काय, असे वाचक विचारतील. संबंध आहे. सूर्यमालेबाहेरचे अगदी पहिले ग्रह १९९२ साली सापडले ते रेडिओ दुर्बिणीनेच, पोर्तो रिको बेटावरच्या अरेसिबोच्या. ती प्रचंड दुर्बीण २०२० च्या डिसेंबरात कोसळली. तिने पाहिलेला तारा म्हणजे एका मेलेल्या मोठ्या ताऱ्याचा गाभा, सेकंदाला सुमारे १६० वेळा गिरकी घेणारा. अशा ताऱ्यांना स्पंदक म्हणतात, त्यांच्या रेडिओ लहरी घड्याळाच्या टिकटिकीसारख्या येतात. या घड्याळाची टिकटिक कधी किंचित लवकर तर कधी किंचित उशिरा येत होती, कारण ताराही फुगडीतल्या ताईंसारखा डुलत होता. खोडदला अशाच स्पंदकांचा अभ्यास चालतो.

आणखी एक गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटते. हंस तारकासमूहात सुमारे १२० प्रकाशवर्षांवर हॅट-पी-११ नावाचा तारा आहे. त्याला पाच दिवसांत फेरी घालणारा एक ग्रह आहे. त्या ग्रहाकडून रेडिओ लहरी येतात का, हे खोडदच्या छत्र्या वळवून पाहण्यात आले. २००९ च्या जुलैमध्ये काहीतरी अगदी पुसट मिळाले आणि ग्रह ताऱ्यामागे गेला तेव्हा ते नाहीसेही झाले. केवढा आनंद झाला असेल! पण २०१० च्या नोव्हेंबरात पुन्हा तसेच पाहिले तर काहीच मिळाले नाही. फ्रान्सच्या आणि आपल्याकडच्या त्या शास्त्रज्ञांनी २०१३ साली दोन्ही गोष्टी छापल्या. मिळाले तेही, मग मिळाले नाही तेही, आणि पहिला संकेत निव्वळ योगायोग असू शकतो हेही. भविष्य सांगणाऱ्या एकाने तरी आपले न जुळलेले भाकीत असे स्वतःहून छापल्याचे आमच्या पाहण्यात नाही.

तेथल्या एका तरुण संशोधकांनी मुलांशी मराठीत गप्पा मारल्या. काहीही विचारा म्हणाले. परग्रहावरची माणसे, उडत्या तबकड्या हे नेहमीचे प्रश्न झाले. आजवर कुठेही कोणी सापडलेले नाही, शोध चालू आहे, असे त्यांनी सरळ सांगितले. मग आमची ती दाराशी उभी राहणारी मुलगी ताईंच्या पदरामागून म्हणाली, "आपली पृथ्वी पण ग्रहच आहे ना? मग तिकडच्या पोरांना आपण लागत असू का?"

संशोधकांना आधी प्रश्नच कळला नाही. शनी लागतो तशी पृथ्वी लागते का, असे तिला विचारायचे आहे, हे ताईंनी उलगडून सांगितले. ते हसले नाहीत, हे आम्ही मुद्दाम नमूद करतो. ते तिच्यासमोर उकिडवे बसले आणि म्हणाले, "तू सांग. तू इथून कोणाचं काही वाईट करतेस का?" तिने मान हलवली. "मग पृथ्वी तरी कशी करेल? आणि शनी तरी कसा?" ती थोडा वेळ विचार करीत राहिली आणि मग शनी दाखवा म्हणाली. तो मात्र दाखवता येण्यासारखा नव्हता. त्याच आठवड्यात शनी सूर्याच्या पलीकडे गेलेला होता.

परतताना कळंबच्या पुढे चहासाठी गाडी थांबवली. हॉटेलच्या मागे शेत होते, तिकडे दिवे नव्हते आणि चंद्र उगवायला अवकाश होता. आमच्या वस्तीत मर्क्युरीच्या दिव्यांमुळे आणि कारखान्यांच्या धुरामुळे चार तारे दिसले तरी पुष्कळ. इथे पोरे गप्पच झाली. पश्चिमेला गुरू झळकत होता. डोक्यावर मृग, आणि त्याच्या अलीकडे रोहिणीचा गाडा, तिरक्या 'व्ही' अक्षरासारखा. त्या अक्षराच्या एका टोकाला तांबूस रोहिणी, आणि दुसऱ्या टोकाला जो साधा तारा आहे त्याला 'ऐन' असे नाव आहे. त्याच्याभोवती एक मोठा ग्रह फिरतो हे २००७ साली कळले. म्हणजे नुसत्या डोळ्यांनी बोट दाखवता येईल असा, ग्रह असलेला सूर्य! तो सुमारे दीडशे प्रकाशवर्षे दूर आहे. महात्मा फुल्यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज काढला त्या सुमारास तेथून निघालेला उजेड त्या रात्री कळंबच्या शेतात आमच्या पोरांच्या डोळ्यांत पडत होता. हे सांगताना आमच्याच अंगावर काटा आला. पोरांचे म्हणाल तर त्यांना भूक लागली होती, वडापावकडे त्यांचे लक्ष अधिक होते.

बिभाची गोष्ट आम्ही गाडीत सांगितली. २०१९ साली आंतरराष्ट्रीय खगोल संघटनेने प्रत्येक देशाला एका ताऱ्याला आणि त्याच्या ग्रहाला नाव देण्याची संधी दिली. आपल्या देशात लोकांनी मते दिली. ताऱ्याचे नाव ठरले बिभा, म्हणजे आपल्याकडची विभा, उजेड. हे बिभा चौधुरी यांचे नाव. १९१३ साली कोलकात्यात जन्मलेल्या या बाईंनी विश्वकिरणांवर फोटोच्या काचांच्या साह्याने मोलाचे संशोधन केले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील त्या पहिल्या महिला संशोधक. १९९१ साली त्या गेल्या. हयातीत त्यांच्या वाट्याला मानसन्मान फारसे आले नाहीत. आणि बिभाच्या ग्रहाला नाव मिळाले संतमस, म्हणजे ढगाळलेला. ते सुचवले होते पुण्यातील एका तेरा वर्षांच्या शाळकरी मुलाने. एवढे ऐकल्यावर गाडीत नावांचा जो बाजार उठला तो नाशिक फाटा येईपर्यंत थांबला नाही. संतमसावर वर्ष फक्त दोन दिवसांचे असते, हे सांगायचे राहूनच जाणार होते, ते चालकदादांनी आठवण करून दिली म्हणून सांगितले. दिवसभर तेही ऐकत होते तर!

त्या मुलीच्या आईशी नंतर ताईंनी दोनदा बोलून पाहिले. शेजारणीचे बोलणे अजून पूर्ण थांबलेले नाही. पण अभ्यासिकेच्या भिंतीवर सूर्यमालेच्या तक्त्याशेजारी आता एक कोरा कागद आहे. त्यावर दुसऱ्या सूर्यांचे ग्रह मुले स्वतः लिहितात, नाव, किती दूर आणि वर्ष किती दिवसांचे. त्या मुलीचे अक्षर चांगले म्हणून लिहिण्याचे काम तिच्याकडे आहे. कागद आतापर्यंत तीनदा वाढवून चिकटवला.

ज्यांना मुले न्यायची असतील त्यांनी नारायणगावपर्यंत एस.टी.ने जाऊन पुढे गाडी ठरवावी. विज्ञान दिनाच्या तारखा आधी विचारून घ्याव्यात. ऊन फार असते आणि छत्र्यांची सावली जाळीची, तेव्हा टोप्या आणि भरपूर पाणी बरोबर असावे. पहिली-दुसरीतल्या मुलांमागे एक तरी ताई किंवा आजी हवीच, आणि तिला फुगडी येत असल्यास उत्तम.